अकरा माणसं, तीन गाड्या : टीमच्या तारखांसाठी एकच ऑनलाईन कॅलेंडर कसं लावावं?

मांजराकाठ (लातूर) · १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लातुरात माझं ठिबक-तुषारचं दुकान आहे. माल विकतो, शेतात जाऊन बसवून देतो, पुढची दुरुस्तीही आम्हीच बघतो. माझ्यासकट अकरा माणसं, तीन गाड्या. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर एवढा पट्टा. सध्या हरभऱ्याला पाणी द्यायला सुरुवात झालीय, त्यामुळं तुषार संचाचे फोन सकाळी सहापासून सुरू होतात.

आजवर सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. कुणी कुठं जायचं ते मी रात्री टाकायचो, पोरं 👍 टाकून होकार द्यायची. गेल्या मंगळवारी औसा तालुक्यातल्या एकाच शेतकऱ्याच्या बांधावर माझ्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एक मी पाठवलेली, दुसरी दुकानातल्या ताईंनी. आणि निलंग्याकडच्या ज्या शेतकऱ्यानं दोन गडी लावून, पाईप अंथरून वाट बघितली त्याच्याकडं कुणीच गेलं नाही. त्याच्या फीडरला, म्हणजे वीजलाईनीला, त्या आठवड्यात मोटारीची थ्री-फेज लाईट दिवसा होती, पुढच्या आठवड्यात रात्री. मी फोन करून माफी मागितली तर एवढंच म्हणाला, "मालक, तुमचा दिवस गेला, माझा लाईटीचा आठवडा गेला." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

म्हणून सगळ्यांना दिसेल असं एकच कॅलेंडर लावायचं ठरवलंय. कोणतं घ्यावं, कुणाच्या नावानं काढावं, नोंद करायचा हक्क सगळ्यांना द्यावा की दोघा-तिघांनाच? आणि दिवसभर चिखलात असणारी पोरं ते उघडून बघतील का? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा.

---

परभणीची_ज्वारी · १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

गुगल कॅलेंडर. फुकट आहे आणि बहुतेक अँड्रॉईड फोनात आधीपासून असतं. दुसरं काही शोधत बसू नका.

---

वाळूजकर · १६ नोव्हेंबर, रात्री ११.२०

ज्वारीताईंशी सहमत. मी वाळूजला प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. आमच्याकडं तीन शिफ्टचं सगळं आऊटलूकवर, कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. तुम्हाला तेवढ्या पसाऱ्याची गरज नाही.

सगळ्यात आधी दुकानाच्या नावानं वेगळं जीमेल खातं काढा. तुमचं स्वतःचं नको, ताईंचं तर अजिबात नको. कॅलेंडर ज्या खात्यातून निघतं, मालकी त्या खात्याची. माझ्या ओळखीतल्या एका वर्कशॉपचं कॅलेंडर तिथल्या क्लार्कच्या खात्यावर होतं. तो नोकरी सोडून गेला, जुनं खातं बंद करून टाकलं, त्याबरोबर वर्षभराच्या सर्व्हिसच्या तारखा गेल्या. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण नोंदी गेल्या त्या गेल्याच. खात्याचा पासवर्ड आणि ओटीपीचा नंबर तुमच्याकडं ठेवा.

मग त्या खात्यानं कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून कॅलेंडर उघडा. डावीकडं खाली 'इतर कॅलेंडर' दिसेल, त्यापुढच्या अधिकच्या खुणेवरून नवीन कॅलेंडर काढता येतं. तुमच्यासाठी मी एक नाही, तीन काढली असती, गाडीमागं एक. कॅलेंडरला रंग देता येतो, म्हणजे हिरवी गाडी कुठं आणि पिवळी कुठं हे एका नजरेत कळतं. मात्र हा रंग ज्याचा त्यानं आपल्या फोनवर निवडायचा असतो. तुम्ही हिरवा ठेवला म्हणून पोरांना हिरवा दिसेलच असं नाही. सगळ्यांचे रंग पहिल्याच दिवशी एकत्र बसून लावून घ्या, नाहीतर फोनवर "पिवळ्यात बघ" म्हणाल आणि समोरच्याच्या फोनात पिवळं काहीच नसेल.

नंतर सेटिंगमधे जाऊन एकेकाचा ईमेल टाकून ते त्यांच्यासाठी खुलं करायचं. तिथं हक्काच्या चार पायऱ्या आहेत : फक्त वेळ भरलेली की मोकळी एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि नोंदी बदलण्याबरोबर इतरांना सामील करून घेता येणं. पोरांना दुसरी, ताईंना तिसरी, आणि घरच्या एका विश्वासू माणसाला चौथी. तुम्ही दवाखान्यात असलात तरी दुकान अडायला नको.

---

हळदगाव (हिंगोली) · १७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

माझं मत वेगळं आहे. दुकानात एक मोठं रजिस्टर ठेवा. पान उघडलं की दिवस समोर. जे लिहिलं ते लिहिलं, कुणाला बोट लावून पुसता येत नाही. आमच्या घरात आजोबांची वही आहे, फसली सन १३५७ ची, म्हणजे १९४७-४८ ची. निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष. कोणत्या दिवशी कुणाचे बैल आले, कुणाला किती पायली ज्वारी दिली, सगळं अजून वाचता येतं. तुमचं ऑनलाईन कॅलेंडर ऐंशी वर्षांनी कोण वाचणार?

---

परभणीची_ज्वारी · १७ नोव्हेंबर, सकाळी ८.००

काका, ती वही एकदा सगळ्यांना दाखवा, हात जोडून विनंती. पण रजिस्टर लातूरच्या दुकानात आणि पोरगा निलंग्याच्या रानात. त्याला पान कसं दिसणार?

---

हळदगाव · १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

फोन करून विचारायचं.

---

मांजराकाठ · १७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

काका, तेच तर चालू आहे. दिवसाला साठ फोन. त्यातले निम्मे "आता कुठं जायचं?" एवढंच विचारायला. ताईंना दोन घास नीट खाता येत नाहीत.

वाळूजकर, मनापासून आभार. आज खातं काढतो.

---

अंबाजोगाईकर · १७ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

मी एका खाजगी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे. चौदा सिस्टर, सहा मावश्या, मॉर्निंग-इव्हिनिंग-नाईट. आमचं ड्युटीचं कॅलेंडर दोन वर्षांपासून ऑनलाईन आहे. अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते.

पहिली नाईटची. आमची नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. कागदावर "१२ ला नाईट" लिहिलं की एक जण ११ ची रात्र धरायची आणि एक जण १२ ची. एकदा वॉर्डात दोघी आल्या आणि दुसऱ्या रात्री कुणीच नाही. मी आदल्या इव्हिनिंगपासून तिथंच थांबले, सकाळी ओव्हर देईपर्यंत, म्हणजे पुढच्या पाळीकडं वॉर्ड सोपवेपर्यंत. कॅलेंडरात मात्र नोंद १२ ला रात्री आठला सुरू होते आणि १३ ला सकाळी आठला संपते. पट्टी दोन दिवसांवर पसरलेली दिसते, वाद उरत नाही. मांजराकाठ दादा, तुमची रात्रीच्या लाईटीची कामं असतील तर सुरू आणि संपायची खरी वेळ टाका, 'दिवसभर'वर खूण करू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रजा कॅलेंडरात टाकताना कारण लिहू नका. आधीच्या दवाखान्यात होते तेव्हा ऑफिसमधल्या कुणीतरी एका सिस्टरच्या नावापुढं "रजा – सोनोग्राफी" असं लिहिलं. सगळ्या स्टाफला ते दिसलं. ती परत आली तर जो-तो हसून पेढे मागायला लागला. ती ज्यासाठी गेली होती ते अगदी वेगळं होतं. आठ दिवस ती आमच्यात डबा खायला बसली नाही. लिहिणाऱ्याला वाटलं आपण नोंद नीट ठेवतोय. तेव्हापासून माझा नियम : कॅलेंडरात फक्त "रजा". कारण ज्याचं त्याच्या आणि माझ्या मधे.

---

गोदातीर (नांदेड) · १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

सिस्टर, हे वाचून आज आमच्या कॅलेंडरातल्या रजांच्या नोंदी बघितल्या. तीन ठिकाणी कारण लिहिलेलं होतं. काढून टाकलं.

आमचं करसल्लागाराचं ऑफिस. आमच्याकडं माणसं कमी आणि तारखाच जास्त. महिन्याची ७ टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायची, ११ आणि २० जीएसटीच्या विवरणपत्रांची, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी. या दर महिन्याला आपोआप येणाऱ्या नोंदी करून ठेवल्यात. पण आम्ही शेवटची तारीख लावून गप्प बसत नाही. तिच्या चार दिवस आधी दुसरी नोंद असते, "कागद आले का", आणि तिच्यात त्या-त्या माणसाचं नाव. शेवटच्या दिवशीची घंटी घाबरवते फक्त. काम होतं ते आधीच्या घंटीनं.

एक सांभाळा. अशी परत परत येणारी नोंद बदलायला गेलं की ते विचारतं : फक्त हीच, ही आणि पुढच्या, की सगळ्या? आमच्या नव्या मुलीनं मुदतवाढ मिळाली म्हणून एका महिन्याची तारीख हलवली आणि 'सगळ्या' दाबलं. पुढची सगळी वर्षं सरकली. कळायला दोन महिने लागले.

---

नळदुर्गचा · १७ नोव्हेंबर, रात्री ९.१०

ओ मांजराकाठ, ते सगळं राहू द्या. १९ डिसेंबरला येळवस आहे, आपला रानात जेवायचा वेळ अमावस्येचा सण, ते टाकलंय का कॅलेंडरात? 😄

---

मांजराकाठ · १७ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बरं आठवण केली! गेल्या वर्षी ३० डिसेंबरला अकरापैकी आठ जण न सांगता गायब. मी तरी कुणाला काय बोलणार, मीही रानातच होतो.

---

पुण्यातला_उदगीरकर · १७ नोव्हेंबर, रात्री ११.००

येळवसेचं नाव काढलं आणि इथं पुण्यात बसून भाज्या-शेंगांच्या भज्जीचा वास आला. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, माठातलं आंबील. आमच्या कंपनीत हे कुणाला समजावून सांगता येत नाही. अमावस्येला सुट्टी मागतोय म्हटलं की लोक दचकतात. तिकडं लातूर जिल्ह्यात बहुतेक वर्षी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टीच देतात.

आता कामाचं. ही नोंद 'दरवर्षी' म्हणून लावू नका. कॅलेंडर इंग्रजी तारखेनं पुढं जातं, येळवस तिथीनं येते, मार्गशीर्ष अमावस्येला. २०२४ ला ३० डिसेंबर, यंदा १९ डिसेंबर. आणि २०२६ मधे अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं पुढची येळवस थेट ७ जानेवारी २०२७ ला. म्हणजे २०२६ च्या बारा महिन्यांत ती नाहीच. दरवर्षीची नोंद लावली असती तर पुढच्या १९ डिसेंबरला सगळी टीम सुट्टीवर आणि रानात काही नाही. पोळा, महालक्ष्म्या, गावच्या जत्रा, सगळ्यांचं असंच. पंचांग बघून वर्षाच्या सुरुवातीला हातानं टाकावं लागतं. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, तो मात्र दरवर्षी म्हणून बिनधास्त लावा.

वर्षभराच्या नोंदी एक्सेलमधे करून एकदम चढवणार असाल तर अजून एक इशारा. फाईल घेताना कॅलेंडरला तारीख अमेरिकी पद्धतीनं लागते, आधी महिना, मग दिवस. तुम्ही ५ जून समजून ०५/०६ लिहिलं तर ते ६ मेला जाऊन बसेल. १३ पासून पुढच्या तारखांना निदान घोळ लक्षात तरी येतो, १२ पर्यंतच्या गुपचूप चुकतात.

आणि काका, तुमच्या ऐंशी वर्षांच्या प्रश्नाला अर्धं उत्तर आहे. कॅलेंडर सेटिंगमधून फाईल म्हणून उतरवून घेता येतं. त्या फाईलचा ठरलेला साचा १९९८ पासून आहे आणि बहुतेक सगळी कॅलेंडरं तो वाचतात. गुगलच्या भरवशावर न राहता वर्षातून एकदा उतरवून, छापून, रजिस्टरला लावा.

---

हळदगाव · १८ नोव्हेंबर, सकाळी ७.००

हे पटलं. छापून लावणं पटलं.

---

गाडीवरचा (धाराशिव) · १८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

सगळे मालक आणि साहेब बोलायलेत, म्हणून मी लिहितो. मी गाडीवर फिरणारा माणूस आहे, इन्व्हर्टर-बॅटरीचा मेकॅनिक. आमच्याकडं असलं कॅलेंडर दीड वर्षापासून आहे. मांजराकाठ दादांनी विचारलं ना, पोरं बघतील का? सांगतो.

पोरं बघतात. पण कॅलेंडर खरं असलं तर. आमच्याकडं सकाळी नऊला कळंब आणि दुपारी बाराला परंडा असं लावून ठेवतात. येरमाळा, बार्शी करत जायचं, मधे एखादी बॅटरी उतरवायची, चहासुद्धा नाही. जो नोंद करतो त्याला वाटतं दोन चौकटींच्या मधे रिकामी जागा आहे म्हणजे माणूस रिकामा आहे. ती जागा रस्त्याची असते. मी दुपारी तीनला पोचतो, गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं, कॅलेंडरवर नाही.

आणि रात्री अकराला नोंद बदलायची नाही. मी दहाला बघून झोपतो, सकाळी सहाला कळंबच्या रस्त्याला लागतो, आणि मधल्या वेळात कुणीतरी मला तुळजापूरला टाकलेलं असतं. असं चारदा झालं की माणूस ॲप उघडायचं सोडतो आणि फोन करून विचारायला लागतो. मग म्हणतात, पोरं कॅलेंडर बघत नाहीत.

दादा, तुमच्या पोरांना नोंदी बदलायचा हक्क देऊ नका, बरोबर आहे. पण एखादं काम होणार नाही हे सांगायचा हक्क द्या. आणि ठराविक वेळेनंतर उद्याचा दिवस कुणी हलवायचा नाही, तुम्ही पण नाही.

---

अंबाजोगाईकर · १८ नोव्हेंबर, रात्री १०.५०

गाडीवरच्या दादांची पोस्ट या धाग्यावर सगळ्यात वर हवी.

---

वाळूजकर · १८ नोव्हेंबर, रात्री ११.१५

मान्य. मी सगळं बटणांचं लिहिलं, हे लिहायचं राहिलं. कारखान्यात आम्ही याला प्लॅन फ्रीज म्हणतो. शिफ्टच्या इतके तास आधी आराखडा गोठवायचा, नंतर बदलायचा तर सुपरवायझरनं स्वतः येऊन सांगायचं. मांजराकाठ, प्रवासाचीही नोंद करा. "रस्ता – औसा ते निलंगा" अशी वेगळी चौकट. ती दिसली की ताई तिथं दुसरं काम टाकणार नाहीत.

---

मांजराकाठ · २४ नोव्हेंबर, रात्री १०.००

एक आठवडा झाला. काय झालं ते सांगतो, कारण काही गोष्टी कुणीच सांगितल्या नव्हत्या.

पहिली अडचण ईमेलची. अकरा जणांतल्या चौघांना स्वतःचा जीमेल माहीतच नव्हता. कुणाला फोन विकणाऱ्यानं काढून दिलेला, कुणाच्या फोनात भावाचा. एकाच्या भावाला पुण्यात आमच्या कॅलेंडरची मेल गेली आणि त्यानं फोन करून विचारलं, हे चाकूरचं काय आहे म्हणून. शेवटी शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना दुकानात बसवलं, प्रत्येकाचा फोन हातात घेतला, मेलमधली लिंक दाबून कॅलेंडर जोडून दिलं. तरी तिघांच्या ॲपमधे दिसेना. ॲपच्या सेटिंगमधे त्या कॅलेंडरच्या नावावर जाऊन सिंक, म्हणजे नोंदी फोनात उतरणं, चालू करावं लागतं, हे शोधण्यात तास गेला.

दुसरी अडचण काल कळली. ताईंनी रेणापूरचं काम फोनवरून टाकलं. त्यांना दिसतंय, मला दिसत नाही, पोरांना दिसत नाही. मी ताईंना म्हणालो टाकलंच नाही, त्या म्हणाल्या टाकलंय, बघा की. खरंच टाकलं होतं, पण त्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरात. नवीन नोंद करताना वरती कोणतं कॅलेंडर ते निवडावं लागतं, नाहीतर ती आपल्या खाजगीत जाते. मी ताईंना उगाच बोललो. आज सगळ्यांसमोर माफी मागितली.

घंटीचं पण तसंच. माझ्या फोनवर मी लावलेली सूचना पोरांच्या फोनवर वाजत नाही, प्रत्येकाच्या फोनवर वेगळी लावावी लागते.

---

गोदातीर · २४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

खाजगी कॅलेंडरात नोंद जाणं हा सगळ्यांचा पहिला अपघात. आम्ही त्यावर केलेला उपाय : ताईंच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फक्त दुकानाचं खातं उघडं ठेवा आणि नोंद तिथूनच करायची. फोनवर बघायचं, कॉम्प्युटरवर लिहायचं.

---

परभणीची_ज्वारी · २४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

रानात रेंज नसली तर?

---

पुण्यातला_उदगीरकर · २४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

आधी एकदा सिंक झालेलं असेल तर रेंज नसतानाही नोंदी दिसतात. म्हणून सकाळी दुकानातून निघायच्या आधी ॲप एकदा उघडायचं. शेताचा पत्ता म्हणून नुसतं गावाचं नाव टाकू नका, एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत असतात. शेतकऱ्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ठिकाणाची लिंक नोंदीच्या वर्णनात चिकटवा. आणि चुकून एखादी नोंद पुसली गेली तर घाबरू नका, कॉम्प्युटरवर कचरापेटीत ३० दिवस राहते.

---

नळदुर्गचा · २५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

बरं, पण येळवसेला काय ठरलं?

---

मांजराकाठ · २१ डिसेंबर, रात्री ९.१५

उशीर झाला, माफ करा. सीझन होता.

आता असं चालतं. दुकानाचं खातं, तीन गाड्यांची तीन कॅलेंडरं, रजेचं चौथं. लिहितात फक्त ताई आणि मी, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून. प्रत्येक नोंदीच्या नावात आधी गाव, मग शेतकरी, मग काम, आणि शेवटी "दिवसा" किंवा "रात्री", त्याच्या लाईटीप्रमाणं. हे शेवटचं ताईंनी सुचवलं. आता फोन आला की त्या पहिला प्रश्न हाच विचारतात, "या आठवड्यात थ्री-फेज कधी आहे?" आणि लाईट रात्रीची असेल तर तपासणीचं काम पुढच्या आठवड्यातच जातं. हे आम्ही इतकी वर्षं व्हॉट्सॲपवर का विचारत नव्हतो कळत नाही.

गाडीवरच्या भावाचं ऐकलं. संध्याकाळी सातनंतर उद्याचा दिवस हलवायचा नाही. पहिल्या आठवड्यात मीच दोनदा मोडलं. चाकूरच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचा साडेआठला फोन आला आणि मी नोंद सरकवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जुना फिटर माझ्याकडं आला आणि फोन समोर धरून म्हणाला, "मालक, सात वाजले होते." त्यानंतर नाही मोडलं. ते गिऱ्हाईक एक दिवस थांबलं, कुठं गेलं नाही.

दुकानाचे फोन कमी झालेत. किती ते मोजलं नाही, पण ताई आता डबा दीड वाजताच खातात. एक फिटर अजून ॲप उघडत नाही. त्याला वाचायला अडचण आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्याचा जोडीदार सकाळी गाडीत त्याला दिवस वाचून दाखवतो. गाडीत जोडी लावताना आता ते बघतो.

निलंग्याच्या त्या शेतकऱ्याचं काम पुढच्या दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात पहिलं घेतलं. येळवसेला तिन्ही गाड्या बंद ठेवल्या, महिनाभर आधीच कॅलेंडरात टाकून. त्या दिवशी एकाही गिऱ्हाईकाचा फोन आला नाही, सगळे आपापल्या रानात. फक्त त्या निलंग्याच्या शेतकऱ्याचा आला, जेवायला या म्हणून. आमच्यातले चौघं गेले. परत येताना भज्जीचा एक मोठा डबा ताईंसाठी आणला.

---

गाडीवरचा · २१ डिसेंबर, रात्री ९.५०

दादा, त्या जुन्या फिटरला माझा नमस्कार सांगा.

---

अंबाजोगाईकर · २१ डिसेंबर, रात्री १०.१०

वाचायच्या अडचणीवर एक सुचवू? आमच्या दोन मावश्यांसाठी आम्ही नोंदीच्या नावात पहिल्यांदा चिन्ह टाकतो. सूर्य म्हणजे मॉर्निंग, चंद्र म्हणजे नाईट. तुमच्याकडं गाडीचं, पाईपचं, मोटारीचं चालेल. त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

---

मांजराकाठ · २१ डिसेंबर, रात्री १०.१५

सिस्टर, उद्या सकाळीच करतो.

---

हळदगाव · २२ डिसेंबर, सकाळी ६.५०

माझ्याकडं हळद शिजवायचे दोन कुकर आहेत, भाड्यानं देतो. फेब्रुवारी-मार्चला दहा गावांतून मागणी असते, आणि दोघांना एकच दिवस दिला की भांडण माझ्या दारात. दोन कुकर म्हणजे दोन कॅलेंडरं, बरोबर ना? आणि ते कॉम्प्युटरवरूनच काढायचं? नातू संक्रांतीला येणार आहे, त्याला बसवतो. रजिस्टर चालूच राहील.

---

वाळूजकर · २२ डिसेंबर, सकाळी ७.३०

बरोबर काका, दोन कुकर, दोन कॅलेंडरं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कुकर न्यायला जो वेळ लागतो त्याचीही चौकट टाका. आणि नातवाला सांगा, खातं तुमच्या नावानं काढायचं, त्याच्या नाही.